झाडांचे नववर्ष आणि मलिद्याचे ताट : ‘तू बिश्वात’ या ज्यू सणातील अन्न आणि दान

१. विषयप्रवेश

ज्यू परंपरेत वर्षारंभ एक नाही, चार आहेत. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी संकलित केलेल्या ‘मिश्ना’ या विधिसंहितेत ‘रोश हशाना’ नावाचे प्रकरण आहे. त्याच्या पहिल्याच कलमात हे चारही वर्षारंभ सांगितले आहेत. राजांच्या कारकिर्दी आणि सणांचे चक्र मोजण्यासाठी निसान महिन्याची पहिली तिथी, जनावरांच्या दशमांशासाठी एलूल महिन्याची पहिली तिथी, आणि वर्षगणना, सातवे पडीक वर्ष, रोपणी व भाजीपाला यांसाठी तिश्री महिन्याची पहिली तिथी असे तीन वर्षारंभ तेथे येतात. चौथा वर्षारंभ झाडांचा. तो शेवात महिन्यात येतो. मात्र त्याच्या तिथीविषयी दोन मते नोंदवलेली आहेत. शम्मायच्या परंपरेने महिन्याचा पहिला दिवस धरला, तर हिल्लेलच्या परंपरेने पंधरावा. प्रचारात हिल्लेलचे मत राहिले. हिब्रू लिपीत अक्षरे हीच अंकांचे काम करतात. ‘तेत’ म्हणजे नऊ आणि ‘वाव’ म्हणजे सहा. दोन्ही मिळून ‘तू’, म्हणजे पंधरा. दहा आणि पाच यांची अक्षरे जोडली तर ईश्वराच्या नामाचा अंश तयार होतो, म्हणून ती जोडी टाळली जाते. ‘तू बिश्वात’ या नावाचा अर्थ एवढाच : शेवातची पंधरावी तिथी.

नाव म्हणजे केवळ एक तारीख, मुळात कथा नाही, नायक नाही, विजय किंवा पराजयाची स्मृती नाही. असा हा सण आज जगभर फळे खाऊन, झाडे लावून आणि दान देऊन साजरा होतो. कथेवाचून जन्मलेल्या सणाला पुढे कथा, विधी आणि संहिता कशा लाभत गेल्या, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा आहे. त्यातही मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाशी विशेष कर्तव्य आहे. कारण या सणाचे एक अत्यंत स्वतंत्र रूप कोकणात, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात घडले. प्रस्तुत लेखात या सणाच्या चार अवस्थांचा क्रमाने विचार करून, त्या सर्वांना जोडणारे सूत्र कोणते, हे पाहावयाचे आहे.

२. हिशेबाची सीमारेषा

मिश्नाच्या काळी या दिवशी कोणी उत्सव करीत असे, असे संहितेवरून दिसत नाही. तो हिशेबाचा दिवस होता. आपल्याकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशी कोणी सण करीत नाही, पण त्या रेषेच्या अलीकडची जमा आणि पलीकडची जमा वेगवेगळ्या वर्षांची ठरते. तू बिश्वातचे मूळ स्वरूप असेच होते. एका वर्षाच्या फळांचा दशमांश दुसऱ्या वर्षाच्या फळांतून देता येत नसे. त्यामुळे फळ कोणत्या वर्षाचे, हे ठरविण्यासाठी एक सीमा आवश्यक होती. ती शेवातमध्येच का धरावी, याचे कारण तालमूदमध्ये दिले आहे : तोवर वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. ही गणना भूमध्य समुद्राकाठच्या हिवाळी पावसाची आहे. त्या पावसाच्या बळावर जे फळ धरते ते नव्या वर्षाचे, त्याआधीचे जुन्या वर्षाचे.

दशमांशाची रचना थोडी गुंतागुंतीची आहे. परंतु ती समजून घेतल्याखेरीज सणाचे मर्म कळत नाही. पिकातून प्रथम पुरोहितांचा वाटा काढला जाई. उरलेल्याचा दहावा भाग लेवीय सेवकांना जाई. त्यांना स्वतःची जमीन नव्हती. त्यानंतर पुन्हा एक दहावा भाग काढला जाई, आणि त्याचे काय करावयाचे हे वर्षावर अवलंबून असे. सात वर्षांच्या चक्रातील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी तो ‘दुसरा दशमांश’ होई : मालकाने तो यरुशलेमला न्यावा आणि कुटुंबासह तेथे खावा. अंतर फार असेल तर त्याचे पैसे करावेत आणि त्या पैशातून तेथे खाद्यपेये घ्यावीत, अशी मुभा ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी मात्र तोच भाग ‘गरिबांचा दशमांश’ होई, आणि परका, पोरका, विधवा व लेवीय यांच्यासाठी गावातच ठेवला जाई. सातव्या वर्षी जमीन पडीक राही. जे आपोआप उगवे ते सर्वांचे. याखेरीज ‘लेवीय’ ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील नियम होताच : नवे लावलेले झाड पहिली तीन वर्षे निषिद्ध, चौथ्या वर्षाचे फळ पवित्र, आणि पाचव्या वर्षापासून ते खावयाचे. झाडाचे वय मोजतानाही शेवातची ही रेषा उपयोगी पडे.

या रचनेकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या वर्षातून तिसऱ्या वर्षात जाताना झाडावरच्या फळात काहीच बदलत नाही. बदलतो तो ते खाणारा. रेषेच्या अलीकडचे फळ मालकाच्या कुटुंबाने यरुशलेमला जाऊन खावयाचे, तर पलीकडचे गावातल्या विधवेने. तू बिश्वात ही तिथी मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती : हे फळ कोणी खायचे? अन्न आणि दान हे या सणाचे दोन वेगळे घटक नव्हेत. एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत.

या संदर्भात तालमूदमध्ये रब्बी अकिवा यांच्याविषयी एक छोटी हकिकत येते. शेवातच्या पहिल्या तिथीला त्यांनी एत्रोग, म्हणजे महाळुंगासारखे एक फळ, तोडले आणि त्यावर दोन्ही दशमांश दिले : एक शम्मायच्या मताप्रमाणे, दुसरा हिल्लेलच्या मताप्रमाणे. एका गणनेने नवे वर्ष लागले होते, दुसऱ्या गणनेने ते लागायला चौदा दिवस होते. धर्मशास्त्रातील मतभेदाचा लाभ घेऊन कमी देण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी मतभेद आहे म्हणून दोनदा दिले. पुढील भाष्यपरंपरेत या हकिकतीची कायदेशीर चिकित्सा बरीच झाली आहे. साहित्याच्या वाचकाला तिच्यात दिसते ते एका कोरड्या नियमाला मिळालेले मानवी वळण.

३. भूमी गेल्यानंतर

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. दशमांशाचे विधी इस्राएलच्या भूमीशी निगडित होते. जसजसा समाज दूरदेशी पांगला तसतसा या हिशेबाचा पायाच नाहीसा झाला. जमीन नाही, झाड नाही, तेव्हा झाडाचे वर्ष कशासाठी मोजावयाचे? तरीही तिथी पंचांगात राहिली. त्या दिवशी उपवास करू नये आणि पश्चात्तापाच्या प्रार्थना म्हणू नयेत, एवढा मान तिला मिळत राहिला. हळूहळू मध्य आणि पूर्व युरोपातील समाजांत त्या दिवशी नाना प्रकारची फळे खाण्याची चाल पडली.

येथे भूगोलाचा विरोधाभास ध्यानात घ्यावा लागतो. शेवात महिना साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत येतो. पॅलेस्टाइनच्या टेकड्यांवर त्या सुमारास बदामाला फुले येतात. पोलंड-लिथुआनियात मात्र तेव्हा बर्फ असते. तेथे या दिवशी ताजे फळ मिळणे कठीण. म्हणून अंजीर, खजूर, मनुका यांसारखी सुकी फळे आणि विशेषतः कॅरोबच्या कडक, काळपट शेंगा हे सणाचे अन्न झाले. कारण लांबच्या प्रवासात ही फळे टिकत. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या आठव्या अध्यायात त्या भूमीची सात पिके सांगितली आहेत : गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध. हा मध म्हणजे खजुराचा, असा परंपरेचा अर्थ आहे. न पाहिलेल्या भूमीची ही यादी आता जिभेवर घेऊन वाचली जाऊ लागली. कॅरोबचे नाव सातांत नाही. पण तालमूदमधील होनीच्या कथेने त्याला अर्थ दिला होता. सत्तर वर्षांनी फळणारे झाड तू कशाला लावतोस, असे होनीने एका माणसाला विचारले. पूर्वजांनी माझ्यासाठी लावले, मी पुढच्यांसाठी लावतो, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. हेही दानच, फक्त घेणारा अजून जन्मलेला नाही.

स्पेनमधून निघालेल्या आणि तुर्कस्तान-बाल्कनमध्ये स्थिरावलेल्या सेफार्दी ज्यूंनी आपल्या लादिनो भाषेत या दिवसाला ‘लास फ्रुतास’, म्हणजे सरळ ‘फळे’, असेच नाव दिले. त्या दिवशी मुलांना फळांनी भरलेल्या पिशव्या देण्याची त्यांची पद्धत होती. तारखेचे नाव जाऊन खाद्याचे नाव आले, हा बदल अर्थपूर्ण आहे.

याच सेफार्दी जगात सणाला पहिल्यांदा स्वतःची संहिता मिळाली. सोळाव्या शतकात गॅलिलीतील सफेद या गावी रब्बी इसहाक लूरिया (१५३४–१५७२) आणि त्यांचे शिष्य यांच्याभोवती कब्बाला या गूढविचाराची एक मोठी शाखा बहरली. तिच्या प्रभावातून पुढे ‘प्री एत्स हादार’ हा विधिपाठ तयार झाला. नावाचा अर्थ ‘शोभिवंत झाडाचे फळ’. हे शब्द ‘लेवीय’ ग्रंथातून घेतलेले आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इझमीर येथे छापल्या गेलेल्या ‘हेमदात यामीम’ या ग्रंथात तो आढळतो. वल्हांडणाच्या रात्रीच्या ‘सेदेर’ विधीप्रमाणे येथेही वाचन, फळे आणि मद्याचे चार पेले क्रमाने येतात. पहिला पेला शुभ्र मद्याचा. पुढे त्यात लाल मद्य वाढत जाऊन अखेरीस तो लाल होतो. हिवाळ्याकडून वसंताकडे जाणारी ही वाट, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

फळांची मांडणी अधिक लक्षणीय आहे. कब्बालाच्या विचारात अस्तित्वाचे चार लोक आहेत. सर्वांत वरचा लोक फळाच्या रूपात दाखवता येत नाही. त्याखालच्या तिन्हींसाठी प्रत्येकी दहा, अशी तीस फळे सांगितली आहेत : द्राक्ष-अंजिरासारखी आतबाहेर सर्व खाता येणारी, खजूर-जैतुनासारखी वरून मऊ पण आत बी असलेली, आणि अक्रोड-डाळिंबासारखी टाकाऊ कवचाची. म्हणजे कवच आणि गाभा यांचे प्रमाण हीच येथे तत्त्वज्ञानाची परिभाषा होते. फळाचा उपयोग रूपक म्हणून करणे साहित्याला नवे नाही. परंतु रूपक सांगून झाल्यावर ते चावून गिळावयाचे, हा प्रकार विरळा.

मग दानाचे काय झाले? वाटा देण्यासाठी जमीन नव्हती. परंतु देण्याची कल्पना नाहीशी झाली नाही, तिने दिशा बदलली. तालमूदच्या ‘बराखोत’ या प्रकरणात असा विचार येतो की, आशीर्वचन न म्हणता या जगाचा उपभोग घेणे म्हणजे देवाच्या मालकीचे लाटणे होय. या दृष्टीने फळावर म्हटलेले आशीर्वचन हाच एक प्रकारचा दशमांश ठरतो : खाण्यापूर्वी मालकी मान्य करणे. त्यात गरिबाचा वाटा मात्र दिसेनासा होण्याचा धोका असतो.

४. कोकणातील रूप : एलियाहू हनबीचा उरूस

कोकणातील बेने इस्राएल समाज आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर जहाज फुटून आले, असे सांगत आला आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची विश्रांती यांवरून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून पडलेली त्यांची ‘-कर’ अंती आडनावे त्यांचे भूमीशी नाते सांगतात. सणांची नावेही त्यांनी मराठीत घडवली : खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासात या सणांची नोंद केली आहे. शेवातच्या पंधराव्या तिथीला त्यांनी दिलेले नाव ‘एलियाहू हनबीचा उरूस’ असे आहे.

हे नाव भाषिकदृष्ट्या पाहण्यासारखे आहे. ‘एलियाहू’ हे हिब्रू व्यक्तिनाम. ‘ह’ हे हिब्रू निश्चयवाचक. ‘नबी’ हा शब्द हिब्रूतील ‘नावी’ आणि अरबीतील ‘नबी’ या दोन्हींशी जुळणारा. ‘चा’ हा मराठी षष्ठीचा प्रत्यय. आणि ‘उरूस’ हा मूळचा अरबी, विवाहवाचक शब्द. सूफी परंपरेत संताचा देहान्त म्हणजे त्याचे ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला उरूस म्हणतात. पाच शब्दांशांच्या एका नावात तीन भाषा सुखाने नांदतात. त्यातही एक गंमत आहे. एलियाहू हा मेलाच नाही. ‘राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील कथेनुसार तो अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला. न मेलेल्या पुरुषाचा उरूस करणाऱ्या समाजाने ‘मृत्यू’ हा अर्थ बाजूला ठेवून ‘मीलन’ हा अर्थ उचलला. परक्या परंपरेतील शब्द उसना घेताना त्याचा कोणता पदर घ्यावयाचा, याची निवड येथे स्पष्ट दिसते.

अलिबाग तालुक्यातील खंडाळा गावी खडकावर काही खुणा आहेत. त्या एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या होत, आणि येथूनच तो स्वर्गाला गेला, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. ‘एलियाहू हनबीचा टापा’ म्हणून ते स्थान ओळखले जाते. नवस बोलण्यासाठी आणि फेडण्यासाठी लोक तेथे जातात. तू बिश्वातच्या सुमारास तेथे मलिद्याचा विधी होतो. पवित्र भूमीतील घटना कोकणच्या खडकावर आणून रोवणे, ही स्थलांतरित समाजाची एक वाङ्मयीन कृतीच म्हटली पाहिजे. युरोपातील ज्यूंनी भूमीची फळे आपल्याकडे मागवली. कोकणातील ज्यूंनी भूमीची कथाच येथे वस्तीला आणली.

मलिद्याचे ताट असे असते. पोहे भिजवून त्यांत गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलची आणि सुका मेवा मिसळतात. त्याची रास ताटात करून भोवती फळे मांडतात, वर फुले ठेवतात. मंडळी ताटाभोवती जमतात. एलियाहूचे हिब्रू स्तवन गायिले जाते, हिब्रू शास्त्रातील वचने म्हटली जातात, फळांवरची आशीर्वचने होतात, आणि मग ताट सर्वांना वाटले जाते. हा विधी वर्षातून एकदाच होतो असे नाही. लग्न, मुंज नव्हे तर सुंता, नवे घर, आजारातून उठणे, प्रवासातून सुखरूप परतणे, अशा प्रसंगी नवसाचा किंवा कृतज्ञतेचा मलिदा होतो. शेवातचा उरूस हे त्याचे वार्षिक, सामूहिक रूप.

आशीर्वचनांच्या क्रमातील एक बारकावा येथे नोंदवावासा वाटतो. ज्यू विधिशास्त्र झाडाचे फळ आणि जमिनीचे फळ यांत भेद करते आणि दोहोंची आशीर्वचने वेगळी आहेत. केळ हे आपल्या दृष्टीने झाडाचे फळ. परंतु केळीचा खांब दरवेळी नव्याने येतो, म्हणून शास्त्राने ते जमिनीचे फळ मानले आहे. खजुरावर एक आशीर्वचन, केळ्यावर दुसरे. मलिद्याच्या ताटातील साधे केळ अशा रीतीने प्राचीन वर्गीकरणाची उजळणी करून घेते. ज्याला आपण ‘स्थानिक’ म्हणतो ते येथे शास्त्राला बाधक नसून शास्त्राचा विनियोग करणारे आहे.

‘मलिदा’ हा शब्द फारसी. ‘चोळलेले, कुस्करलेले’ हा त्याचा अर्थ. दर्ग्यांमधून वाटल्या जाणाऱ्या, पोळी कुस्करून तूप-गूळ घातलेल्या प्रसादालाही हेच नाव आहे. बेने इस्राएलांनी नाव घेतले, पदार्थ मात्र कोकणच्या भाताचा केला. मराठीत या शब्दाचा आणखी एक प्रवास झाला आहे. ‘मलिदा लाटणे’ म्हणजे सर्वांच्या हक्काचे आपल्या घशात घालणे. एकाच शब्दाच्या एका टोकाला वाटून खाणे आणि दुसऱ्या टोकाला न वाटता खाणे असावे, हे शब्दार्थाच्या अभ्यासकाने विसरू नये. आधी पाहिलेला प्रश्न, हे फळ कोणी खायचे, मराठी भाषेने आपल्या परीने याच शब्दात साठवून ठेवला आहे.

५. एलियाहू येथे कसा?

झाडांच्या सणात एलियाहूचे स्थान काय, असा प्रश्न बाहेरच्या अभ्यासकाला पडतो. कारण अन्यत्र तू बिश्वातशी त्याचे असे नाते दिसत नाही. ऐतिहासिक कारणाचा शोध हा एक मार्ग. साहित्याचा अभ्यासक संहितांच्या आंतरसंबंधांकडे पाहील. ‘राजे’ ग्रंथाच्या पहिल्या भागातील सतराव्या आणि अठराव्या अध्यायांत एलियाहू अवर्षणाची घोषणा करतो, आणि शेवटी त्याच्याच प्रार्थनेने पाऊस येतो. मधल्या काळात तो सारफथ येथील एका परक्या, गरीब विधवेकडे भाकरी मागतो. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेले असते. ती त्यातून आधी त्याला देते, आणि मग पिठाचे मडके रिते होत नाही. पाऊस, अन्न, विधवा, परका : तू बिश्वातच्या विधिनियमांतील जवळजवळ सर्व शब्द या कथेत हजर आहेत. फरक एवढाच की, नियमात विधवेला द्यावयाचे असते. कथेत विधवा देते. पुढील ज्यू लोककथांतही एलियाहू अनोळखी वाटसरूच्या किंवा भिकाऱ्याच्या रूपाने दाराशी येतो आणि घरच्यांचे औदार्य पारखतो. तेव्हा फळांच्या ताटापाशी त्याला बोलावणे ही विसंगती नव्हे. नियम आणि कथा यांची ती अन्वर्थक सांगड आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भारतीय परिसरात या प्रतिमेला आणखी एक शेजार लाभला. इस्लामी परंपरेत ‘खिज्र’, म्हणजे हिरवा, या अमर वाटाड्याचे नाते अनेक ठिकाणी इलियासशी जोडले गेले आहे. भारतात ख्वाजा खिज्र हा पाण्याशी आणि हिरवाईशी संबंधित मानला जातो. दोन अमर, भटके, संकटात धावून येणारे पुरुष परस्परांना ओळखू शकतील अशा भूमीत हा उरूस घडला, हे विसरून चालणार नाही.

तिथीचा शेजारही तसाच बोलका आहे. ज्यू महिने चंद्रदर्शनापासून मोजले जात असल्याने पंधरावी तिथी पौर्णिमेच्या आसपासच येते. अधिक महिन्याची सोय दोन्ही पंचांगांत आहे. त्यामुळे तू बिश्वात पौष किंवा माघ पौर्णिमेला, अथवा तिला लागून, पडते. २०२४ मध्ये ते २५ जानेवारीला, नेमके पौष पौर्णिमेला, आले. ती शाकंभरी पौर्णिमा. अवर्षणात स्वतःच्या देहातून उपजलेल्या शाकांनी जगाला पोसणारी देवी आणि अवर्षणात विधवेचे मडके भरलेले ठेवणारा नबी यांची तुलना मोहक आहे. परंतु ती साम्याची तुलना आहे, प्रभावाची नव्हे. साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढण्याची घाई तौलनिक अभ्यासात वारंवार झाली आहे. येथे ती टाळलेली बरी.

६. आधुनिक पुनर्रचना आणि तिचे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅलेस्टाइनमध्ये या सणाने पुन्हा रूप बदलले. १८९० मध्ये झेव यावेत्स या शिक्षकांनी झिखरोन याकोव येथील आपल्या विद्यार्थ्यांना या दिवशी वृक्षारोपणाला नेले. १९०८ मध्ये तेथील शिक्षकसंघाने ही प्रथा स्वीकारली, आणि १९०१ मध्ये स्थापन झालेल्या केरेन कायेमेत या ज्यू राष्ट्रीय निधीने ती सर्वदूर नेली. जगभरच्या ज्यू मुलांनी डब्यात नाणी टाकावीत आणि दूर कोठेतरी त्यांच्या नावाने झाड लागावे, हे दानाचे नवे रूप झाले. इस्राएलच्या पहिल्या संसदेची पहिली बैठक १४ फेब्रुवारी १९४९ रोजी, तू बिश्वातच्याच दिवशी, झाली. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील ज्यूंनी सफेदच्या परंपरेतील ‘सेदेर’ पर्यावरणविचाराशी जोडून पुन्हा प्रचारात आणला. वेढा घातलेल्या शहराची फळझाडे तोडू नयेत, हा ‘अनुवाद’ ग्रंथातील नियम त्यात नव्या अर्थाने वाचला जातो.

या पुनर्रचनेत मूळ प्रश्न मात्र अधिक कठीण झाला. वृक्षारोपण ही निसर्गसेवा असते, तशीच ती जमिनीवरची नोंदही असते. १९६७ मध्ये पाडल्या गेलेल्या इम्वास आणि यालू या पॅलेस्टिनी गावांच्या जागेवर पुढे त्याच निधीच्या देणग्यांतून ‘कॅनडा पार्क’ उभे राहिले. ज्या ग्रंथाने परक्यासाठी वाटा ठेवायला सांगितले, त्याच ग्रंथाच्या नावाने लागलेल्या झाडांखाली परका कोण आणि मालक कोण, हा वाद आजही ज्यू विचारवंतांमध्ये चालू आहे. सण निरागस असतात, असे समजणाऱ्या अभ्यासाला या वादापुढे थांबावे लागते.

दुसरा प्रश्न बेने इस्राएलांचा. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली; १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे संसदेत ठरावाने मान्य झाले. तो वाद विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्याचा होता, मलिद्याचा नव्हता. परंतु त्यातून एक धडा मिळतो. एखाद्या समाजाच्या आचाराला ‘मूळ’ आणि ‘मिश्र’ अशी लेबले लावणे ही केवळ ग्रंथालयात बसून करावयाची क्रीडा नाही. त्या लेबलांची किंमत माणसांना मोजावी लागते. ‘उरूस’, ‘मलिदा’ हे शब्द पाहून ‘हा मुसलमानी प्रभाव’, ‘हा हिंदू प्रभाव’ अशी फोड करीत गेले तर हाती काही उरत नाही. तीच कसोटी लावली तर पोलंडच्या कॅरोबला आणि इझमीरच्या तीस फळांनाही मूळ संहितेत आधार नाही.

मलिदा इस्राएललाही गेला. तेथील बेने इस्राएल घरांतून नवसाचे आणि लग्नाचे ताट अजून मांडले जाते. भारतात इंग्रजीतून लिहिणाऱ्या एस्थर डेव्हिड यांच्या ‘शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी’ (२००७) या कादंबरीत एलियाहू अहमदाबादच्या ज्यू वसाहतीत अवतरतो. विधी जेथे विरळ होतो तेथे कथा त्याचे काम हाती घेते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

७. समारोप

तू बिश्वातच्या चार अवस्था आपण पाहिल्या : मिश्नाची हिशेबाची तिथी, युरोप व इझमीरची फळांची संहिता, कोकणचा उरूस आणि आधुनिक वृक्षारोपण. या चारांपैकी एकीला मूळ मानून इतरांना तिची भ्रष्ट रूपे ठरवणे शक्य नाही. कारण मूळ म्हणून जे आहे ते एक विधान नसून एक प्रश्न आहे. हे फळ कोणी खायचे? मिश्नाने त्याचे उत्तर वर्षांच्या चक्रातून दिले. भूमी गमावलेल्यांनी आशीर्वचनातून दिले. आधुनिकांनी देणगीतून दिले, आणि त्यात जमिनीच्या मालकीचा नवा पेच ओढवून घेतला.

बेने इस्राएलांचे उत्तर ताटात आहे. त्यांच्याकडे दशमांशाचे चक्र नव्हते, तीस फळांची संहिताही नव्हती. तरीही उपज समोर मांडणे, तिच्यावर आशीर्वचन म्हणणे, दारी येऊ शकणाऱ्या अनोळखी पाहुण्याचे स्तवन गाणे आणि मगच सर्वांनी मिळून खाणे, हा क्रम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मालकाचे खाणे आणि दुसऱ्याचे खाणे यांतली रेषा मिश्नाने वर्षागणिक आखली होती. मलिद्याच्या ताटाने ती पुसून टाकली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या सणाची दखल घ्यावी ती त्याच्या नवलाईसाठी नव्हे. एका भाषेतील नियम दुसऱ्या भूमीत कथा होतो, तिसऱ्या शब्दाने पदार्थ होतो आणि तरीही आपला प्रश्न विसरत नाही, हे येथे मराठी नावानिशी पाहावयास मिळते, म्हणून.